इंग्रजीचा तास बोलका व्हावा

महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माध्यमाची मुले मराठी, कन्नड आणि इंग्रजी शिकतात. तरीही इंग्रजीचा बराच वेळ प्रश्नोत्तरे उतरवून घेण्यातच जातो. त्याऐवजी धड्यातल्या पात्राला पत्र लिहायला सांगावे; मित्राशी भांडण झाल्यावर समजूत कशी काढाल, हे जोडीने इंग्रजीत बोलून दाखवू द्यावे. राग, भीती, हेवा बोलून दाखवता आला की शाळकरी वयातली मुले मोकळी होतात. (बोलताना चूक झाली तर मध्येच टोकू नये, मूल पुन्हा तोंड उघडत नाही.) जागतिक आरोग्य संघटनेच्या १० जीवनकौशल्यांत भावना हाताळणे आहेच. एसएसएलसीची (दहावीच्या परीक्षेची) उजळणी सुरू होण्याआधी, जूनपासून दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत, शाळांनी आठवड्यातला एक तास यासाठी राखून ठेवावा.

– एक शिक्षिका, खानापूर