नुसतं ‘आय-७’ नको, पूर्ण नंबर छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सणासुदीच्या पुरवण्यांत संगणकाच्या जाहिराती येतात. त्यातल्या एका जातीच्या जाहिरातीबद्दल हे पत्र आहे. ‘गेमिंग पीसी! आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, जीटीए चालणार!’ आणि खाली ठळक आकड्यात किंमत. शेजारी काचेच्या कॅबिनेटात लाल-निळे पंखे फिरताना दाखवलेले. कुठल्या दुकानाचं नाव घेत नाही. प्रश्न एका दुकानाचा नाही.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कोटेशन काढते. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग येतं तेव्हा त्यावर ग्रेड असते, वजन असतं, मशिनिंग कुठं आणि किती ते असतं. एफजी २६० म्हटलं की एफजी २६०च. नुसतं ‘लोखंड’ लिहून कास्टिंग मागवणारा अजून मला भेटलेला नाही. चाळीस-पन्नास हजारांच्या संगणकाला मात्र ‘आय-७’ एवढं लिहून भागतं.

आय-७ हा इंटेल कंपनीचा प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, बाजारात आला २००८ साली. पुढचा नंबर वाचल्याशिवाय तो कुठल्या काळातला ते कळत नाही. आय-७ २६०० हा दुसऱ्या पिढीचा, २०११ चा. ३७७० तिसऱ्या पिढीचा, २०१२ चा. १२७०० बाराव्या पिढीचा. तिघंही आय-७, आणि जाहिरातीत तिघंही सारखेच दिसतात. कंपन्यांनी काढून टाकलेल्या मशिनींतून जुने प्रोसेसर निघतात, त्यांना बसणारे एच-६१ जातीचे मदरबोर्ड आजही नवे करून विकले जातात, त्यावर डीडीआर-३ ही जुन्या जातीची रॅम चढते आणि हे सगळं नव्या कोऱ्या कॅबिनेटात बसतं. बाहेरून बघणाऱ्याला काय कळणार? त्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्याला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे पोराला हौसेनं घेऊन दिलेली वस्तू घरी येतानाच म्हातारी असते.

‘४ जीबी ग्राफिक कार्ड’ची तीच गत. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड ४ जीबीमध्ये मिळतं. जीटीएक्स १६५० हे २०१९ चं कार्डही ४ जीबीचंच. पहिल्यावर बहुतेक वेळा डीडीआर-३ जातीची संथ मेमरी असते, दुसऱ्यावर वेगवान जीडीडीआर-५ किंवा ६, आणि खेळताना दोघांत जमीन-अस्मानाचा फरक. गिऱ्हाईक जीबी बघतं, दुकानदार जीबीच छापतो. आणि जीटीए फाइव्ह हा गेम म्हणाल तर तो संगणकावर आला २०१५ साली. तो चालतो यात कसलं कौतुक!

मला हे समजतं ते शिक्षणामुळं नाही. माझं बी.कॉम. झालंय. समजतं ते यादीमुळं. मला स्वतःचा असेंबल्ड पीसी जुळवायचा आहे, त्याला पैसे नाहीत, आणि पैसे नसतानाच मी त्याची यादी करत बसले आहे. घरी यावर बरंच बोलून झालंय. काका म्हणतात, “पैशाचा पत्ता न्हाई आन् याद्या कसल्या करतीस?” त्यांचं चुकतं असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे हातात आल्यावर यादी करायला बसलं की दुकानदार सांगेल तीच यादी होते.

यादीची सुरुवात मी मॉनिटरपासून केली. बहुतेकजण ग्राफिक कार्डापासून करतात. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, त्याच्या वरच्या १४४० वाल्यावर ३६.९ लाख आणि फोर-के वर ८२.९ लाख. दर सेकंदाला साठ वेळा, नाहीतर १४४ वेळा, हे सगळे ठिपके कार्डानं रंगवायचे असतात. म्हणजे पडदा ठरला की कार्ड ठरतं, कार्ड ठरलं की एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) ठरतो, मग कॅबिनेट. माझं टेबल भिंतीला लागून आहे, त्यावर २४ इंचाच्या वर काही शोभणार नाही, म्हणून फुल एचडी. या एका निर्णयानं यादीतली सगळ्यात महाग ओळ बरीच खाली आली, आणि निर्णय घ्यायला लागली ती फक्त मोजायची टेप.

दुसरी गोष्ट वायरिंगची. आमचं घर मंगळवार पेठेत, आजोबांच्या वेळचं. भावाचा जुना संगणक होता, त्याच्या कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या, आणि घरात सगळे “असतंय तसं” म्हणायचे. एसएमपीएसमधल्या फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतोच, तो अर्थिंगच्या वायरीतून निघून जायला हवा. गल्लीतल्या वायरमननं बोर्ड उघडला तर थ्री-पिनच्या वरच्या भोकामागं वायरच नव्हती. भोक होतं, पितळेचा तुकडा होता, आणि त्यामागं धूळ. यादीत मग ‘अर्थिंग’ ही ओळ वाढली, आणि ती मी सगळ्यात आधी पुरी केली, कारण त्याचा फायदा फ्रिजला आणि वॉशिंग मशिनलाही झाला. शाहूपुरीतल्या माझ्या मैत्रिणीच्या यादीत पहिली ओळ ‘वरच्या मजल्यावर टेबल’ अशी आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी बघितलेल्याला त्याचं कारण सांगायला नको.

दुकानदार बोलता बोलता सोडून देतात अशा काही बारक्या गोष्टीही यादीनंच शिकवल्या. इंटेलच्या प्रोसेसरच्या नंबराच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक नसतं, वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काही दिसतच नाही. तो थोडा स्वस्त पडतो म्हणून पुढं केला जातो. ज्याच्याकडं सगळे पैसे एकदम नाहीत त्यानं नेमका तोच घेऊ नये. मी यादीत एएमडी कंपनीचा रायझन ५ ७६०० हा प्रोसेसर लिहिला आहे. त्याचं आतलं ग्राफिक अगदी बेताचं आहे, पण पडदा उजळतो, कामं होतात, जुने गेम चालतात. भिशीचा माझा नंबर लागला की आधी कार्डाशिवाय चालता संगणक घ्यायचा आणि कार्ड पुढच्या भिशीला, असा बेत आहे. दर महिन्याला एकेक खोकं आणून कपाटात रचायचं, हे मला पटत नाही. आमच्या ऑफिसातल्या एकानं तसं केलं. बोर्ड आला तेव्हा एसएमपीएसच्या वॉरंटीचं पहिलं वर्ष उलटून गेलं होतं आणि तो चालू आहे की बंद, हे तोवर कोणी बघितलेलंही नव्हतं. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धावते, खोकं फोडलं त्या दिवसापासून नाही.

यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचा असतो. गेम ऐन रंगात असताना संगणक त्याहून जास्त ओढत असेल, तर लाइट गेली की तो पीं करून बंद पडू शकतो.

एक्सेलच्या माझ्या शीटमध्ये दराशेजारी ‘भाव बघितल्याची तारीख’ असा कॉलम आहे. ही कोटेशनवाल्यांची सवय, मुदत नसलेला दर म्हणजे अफवा. २०२५ च्या शेवटी त्या कॉलमची किंमत कळली. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि डीडीआर-५ रॅमचा भाव काही महिन्यांत दुपटीच्या पुढं गेला. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं तर डिसेंबरमध्ये ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करणार असल्याचं जाहीर केलं. मी ३२ जीबी लिहिली होती, तिथं आता १६ची एक पट्टी आहे आणि बोर्डावर दुसरा खण मोकळा. अजून नुसती यादीच होती म्हणून खोडता आली. त्याच सुमाराला हप्त्यावर घेतलेल्यांना चढ्या भावावर व्याजही भरावं लागतंय. ‘झीरो टक्के’ म्हणून काही नसतं हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. ते पैसे प्रोसेसिंग फीमध्ये असतात, नाहीतर न मिळालेल्या सवलतीत.

आता दुकानदारांबद्दल थोडं. राजारामपुरीत कोटेशन मागायला गेलं की पहिला प्रश्न, “घेणार कधी, ताई?” पुढच्या वर्षी म्हटलं की पेन खाली. कोणी “एकूण पंचावन्नपर्यंत जाईल” असं तोंडी सांगतं. एका दुकानात मात्र काउंटरवरच्या पोरानं ओळ न् ओळ लिहून दिली. बोर्डाचं मॉडेल, एसएमपीएसची कंपनी आणि वॅट, रॅमचा स्पीड, प्रत्येकाची वॉरंटी किती वर्षं आणि ती दुकानात मिळणार की सर्व्हिस सेंटरला जावं लागणार, हेसुद्धा. वर म्हणाला, “दर आठवडाभरच धरा, मग परत विचारा.” मी खरेदी कुठं करणार हे त्या दिवशीच ठरलं. बाकीच्यांनी एवढा तरी हिशेब करावा की आज फुकट कोटेशन मागणारं गिऱ्हाईकच उद्या पैसे घेऊन येणार असतं.

आपल्याकडं माझं मागणं साधं आहे. संगणकाची जाहिरात घेताना प्रोसेसरचा पूर्ण नंबर, ग्राफिक कार्डाचं पूर्ण नाव, रॅम डीडीआर किती, एसएमपीएस कुठल्या कंपनीचा व किती वॅटचा आणि माल नवा की रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला), एवढं लिहून मागावं. रिफर्बिश्ड घेण्यात काही वाईट नाही. अभ्यासाला, हिशेबाला ते उत्तम चालतं आणि गरिबाची सोय होते. पण ते तसं सांगून विकावं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी तरतूद आहे आणि तक्रारीला १९१५ हा नंबर आहे, पण पन्नास हजार घालवून बसलेल्या माणसानं फोन फिरवत बसण्यापेक्षा आधीच चार शब्द जास्त छापलेले बरे.

आपला जाहिरात विभाग म्हणेल की छोट्या जाहिराती शब्दांवर घेतल्या जातात, शब्द वाढले की दुकानदाराचा खर्च वाढतो. मग मॉडेल नंबरांचे शब्द मोजू नका.

आपली वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव छापू नये, ही विनंती.)