बापू, समुद्र पाहिला

रत्नागिरी,
मे अखेर

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांनी तुला कागदावर लिहितोय. मधल्या काळात फोन झाले, पण "बरं आहे ना, बरं आहे" याच्या पुढं आपण गेलो नाही. त्याला कारण मी आहे, ते खाली येईलच. तब्येत ठीक. साखर जरा वर, गोळी चालू.

यंदा गजानन महाराजांची पालखी अंबाजोगाईत आली की तिच्याबरोबर पंढरपूरपर्यंत चालायचं ठरवलंय. रोजचा टप्पा वीस-पंचवीस किलोमीटरचा, म्हणून फेब्रुवारीपासून पहाटे मुकुंदराजाच्या समाधीपर्यंत जाऊन-येऊन पाय तयार करतोय. महिनाभर पोराकडं, मन्याकडं आलो म्हणून सराव मोडायचा नाही. परवा पहाटे पाचला मारुती मंदिराजवळच्या त्याच्या घरातून निघालो आणि सगळं शहर पायाखालून घातलं. फोननं शेवटी २२ किलोमीटर दाखवले. आपल्याकडं ४२ डिग्रीतही सदरा अंगावरच वाळतो, इथं पहाटेसुद्धा जयस्तंभ येईपर्यंत पिळून काढावा असा झाला.

मिरकरवाड्याच्या बंदरावर पोचलो तेव्हा उजाडत होतं. १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळं शेवटच्या खेपांची घाई. बर्फाचा भुगा, टोपल्या, लिलावाचा ओरडा. गळ्यात माळ असून मला त्या वासाचं काही वाटलं नाही, कारण माझं लक्ष खलाशांकडं होतं. त्यात बरेचजण नेपाळचे. एकाला विचारलं, घरी कधी जातोस? म्हणाला, पावसाळ्यात. मालकाकडून आगाऊ पैसे घेऊन यायचं आणि फिटेपर्यंत समुद्रावर राबायचं. बापू, ही तर आपल्या ऊसतोडीचीच उचल! धारूरकडून भरून जाणाऱ्या गाड्या डोळ्यांपुढं आल्या. गाठोड्यांवर बसलेली पोरं, बाजूला शेळी. त्या बंदरावर मी अर्धा तास नुसता उभा होतो.

आता मुद्द्याचं. मन्या म्हणतो, चार एकर विका आणि आईला घेऊन इथं या. फ्लॅट बघून ठेवलाय. तुझी वहिनी तयार आहे. तिचे गुडघे, नात, टँकरची वाट बघण्यात गेलेले उन्हाळे, तिचं सगळं खरं आहे. गिऱ्हाईकही बांधाशेजारचंच लागलंय. मी हो म्हणत नाही. नाही म्हणायला जावं तर माझ्याकडं एकच कारण आहे, आणि ते मी तुला एकदा ऐकवून बसलोय.

तू विकलंस तेव्हा स्टँडवर चारचौघांत म्हणालो होतो, "आई विकलीस." तू काही बोलला नाहीस. पुण्याची गाडी लागली, चढलास. पण त्याच्या दोन वर्षं आधी, २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, ती बघायला आपण दोघं गेलो होतो. दहा टाक्या, पाच लाख लिटर. लोक खूश होते आणि तू हळूच म्हणालास, "दिगू, जिथं पाणी रेल्वेनं येतं तिथं मी पोराला काय सांगून थांबवू?" मी ते ऐकलं होतं रे. उत्तर नव्हतं म्हणून न ऐकल्यासारखं केलं, आणि दोन वर्षांनी तुलाच बोललो.

रत्नदुर्गावर चढलो. भगवतीच्या देवळाबाहेर एका बाईंकडून नारळ घेतला. कुठले म्हणाल्या. मी सवयीनं म्हणालो, अंब्याचा. त्यांना वाटलं हापूसचा व्यापारी! मग नीट अंबाजोगाई म्हणून सांगितल्यावर त्यांनी हातच जोडले, "अगो बाई, योगेश्वरी! आमची कुलदेवता ती." नव्या सुनेला घेऊन त्या दर्शनाला येऊन गेल्यात. आपल्या गावच्या हत्तीखान्यातल्या दगडी हत्तींवर बसून आपण वऱ्हाड-वऱ्हाड खेळायचो ना? देवी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्न लावायला निघाली, मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे दगड झाले आणि ती आपल्याकडंच राहिली. शंभरदा ऐकलेली गोष्ट. पण तटावरून खाली ते पाणी बघताना पहिल्यांदा मनात आलं, पोरगी एवढं मागं ठेवून आली आणि आपल्या त्या खडकात राहिली.

आणि हो, १९८४ साली वसतिगृहात तू शपथेवर सांगितलं होतंस, समुद्र म्हणजे धनेगावच्या धरणात मीठ टाकल्यासारखा. तू पाहिला नव्हतास. मी तेव्हाच म्हणालो आणि आपला आठ दिवस अबोला. बापू, याला पलीकडचा काठच नाही. ते भांडण माझ्या बाजूनं निकाली काढ.

पुढं मांडवी, तिथली वाळू काळी, मिऱ्याकडची पांढरी. भाट्याचा पूल ओलांडून किनाऱ्यानं झरी विनायकापर्यंत गेलो. तिथं टपरीवाला म्हणाला, त्यांच्या वाडीला मे महिन्यात टँकर लागतो. मी दोनदा विचारलं. या जिल्ह्यात ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या चौपट! पण जांभ्यात पाणी थांबत नाही, उतारानं सगळं खाडीला जातं. आणि आपली काळी जमीन, पाऊस गेल्यावर नुसत्या ओलीवर ज्वारी काढून देते. १९७२ च्या दुष्काळात दादांनी दिवसा सडकेवर खडी फोडली आणि रात्री कंदील लावून विहीर खोदली. पाणी लागलं तेव्हा मला विहिरीत उतरवून पहिली ओंजळ पाजली होती. सात वर्षांचा होतो. ती विहीर सातबाऱ्यावर एका ओळीत आहे, सौद्यात तिचे वेगळे पैसेही धरले नाहीत.

शेवटचा चढ थिबा पॅलेसचा. ब्रह्मदेशाचा राजा. १८८५ ला इंग्रजांनी राज्य घेतलं, पुढच्या वर्षी इथं आणून ठेवलं. हा वाडा १९१० च्या सुमारास झाला, तोवर चोवीसेक वर्षं बंगल्यांत काढली. १९१६ ला गेला, कबर इथंच. मात्र थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू इथंच वाढली, इथंच संसार केला, मराठीच बोलायची. आमची चिऊही आत्ताच म्हणते, "आबा, माझ्या समुद्रावर चला." तिची मला काळजी नाही. मी त्या वाड्यासमोरच्या कट्ट्यावर बूट काढून बसलो, टाचेला फोड आला होता, आणि चोवीस वर्षांचा हिशेब करत राहिलो. माझं वय बघता तेवढी माझ्याकडं नाहीतच.

तुझ्याकडचं कळव. वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? धाकट्याची नोकरी टिकली ना? कोथरूडची जागा बदललीस असं ऐकलं, नवा पत्ता पाठव. हे पत्र जुन्यावरच टाकतोय.

गिऱ्हाईक आषाढीनंतर बोलणीला येणार आहे. पालखी गावात येईल त्याच्या आदल्या दिवशी तू ये. पंढरपूरचा आग्रह नाही, नुसतं शेतापर्यंत चालू. स्टँडवर घ्यायला मी येईन आणि तिथं बोललो ते तिथंच, लोकांपुढं परत घेईन. मग विहिरीवर बसू. तुला एवढंच विचारायचंय, खरेदीखतावर सही केलीस त्या रात्री झोप लागली होती का? आणि मृगाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा तिथं पुण्यात तू काय करतोस?

तुझा,
दिगू