कादंबरीतल्या सांगलीत पूर नाहीच?

मा. संपादक,
उपनगरातल्या कोवळ्या प्रेमाची म्हणून गाजत असलेली कादंबरी इथल्या वाचनालयात नंबर लावून वाचली. घोर निराशा झाली! यातली जोडी २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलावर हातात हात घालून भिजते. अहो, त्याच महिन्यात तिथं धोक्याची ४५ फुटांची पातळी ओलांडून कृष्णा ५७ फुटांवर गेली होती; माणसं बोटींतून बाहेर काढावी लागली. लेखकाला पाऊस तेवढा दिसला. बरं, आमच्याकडं पोरगी कुणाच्या गाडीवर मागं बसली, की ती घरी पोचायच्या आत काकूला फोन गेलेला असतो. इथं अख्ख्या पुस्तकात कुणी साधं हटकत नाही! कॉलेजच्या मुलींनीसुद्धा अर्ध्यावर परत केली म्हणे. भाषा गोड आहे, एवढं मान्य.

– एक निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली