‘डॅशबोर्डसाठी’ म्हणून विकलेले फायबरग्लास किट डॅशबोर्डवरच टिकत नाही, त्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : गाडीच्या अंतर्भागासाठीचे फायबरग्लास गेज माउंट किट सदोष असणे, सोबतचे माहितीपत्रक धोकादायक असणे आणि परतावा नाकारला जाणे.

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या संकेतस्थळावरून मी गेज माउंट, म्हणजे डॅशबोर्डवर जादा मीटर बसवायची चौकट, बनवण्याचे फायबरग्लास किट मागवले होते. त्यातून बनवलेले माउंट उन्हात वाकले म्हणून ई-मेलवर तक्रार केली, तेव्हा ‘हार्डनरचे प्रमाण चुकले असावे, सबब परतावा देता येणार नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. (हार्डनर म्हणजे रेझिन, म्हणजे फायबरला बांधणारा चिकट द्रव, कडक करणारे रसायन.) म्हणून आता सविस्तर लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, हे किट विक्रीला काढण्याआधी आपल्याकडे कुणीही त्यातून एक तरी माउंट बनवून पाहिलेले नाही. रागाच्या भरात हे लिहिलेले नाही. किटमध्ये ज्या वस्तू आल्या आणि पत्रकात जे छापले आहे, त्यावरूनच ते दिसते.

माझ्याकडे जुनी टर्बो डिझेल जीप आहे. तिच्या मीटरवर पाण्याच्या तापमानाचा काटा आहे; टर्बोचा दाब, इंजिन ऑइलचे तापमान आणि व्होल्टेज मात्र कळत नाही. भरलेली गाडी चिखलदऱ्याच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढत असते तेव्हा ऑइल किती तापले आहे हे समोर दिसायला हवे, कारण पाण्याचा काटा बराच वेळ जागचा हलतही नाही. बाजारातली तयार प्लास्टिकची माउंट या डॅशच्या गोलाईवर बसत नाहीत, एका अंगाला फट राहते. तीन गेज एका ओळीत, चालकाकडे किंचित वळलेले, असे माउंट हवे असेल तर ते हातानेच बनवावे लागते. आपल्या जाहिरातीत ‘डॅशबोर्डसाठी खास, सर्व साहित्यासह, घरच्या घरी’ असे लिहिले होते, म्हणून आपले किट घेतले.

पाकीट उघडल्यावर आधी आकार देण्यासाठी दिलेला थर्मोकोलचा ठोकळा हाती आला. पत्रकात लिहिले आहे : ठोकळा हव्या त्या आकारात कोरा, डॅशवर चिकटवा आणि त्यावर ब्रशने रेझिन लावा. किटमधले रेझिन पॉलिएस्टर आहे. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन हा उग्र वासाचा द्रावक असतो आणि स्टायरीनने थर्मोकोल विरघळतो. गणपतीच्या मखरावर चुकून थिनर सांडला की काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मी एका तुकड्यावर थोडे रेझिन टाकून पाहिले. तुकडा बसत बसत खाली गेला आणि मागे चिकट लगदा उरला. थर्मोकोल वापरायचाच असेल तर त्याला आधी फॉइल टेपने पूर्ण झाकावे लागते, नाहीतर इपॉक्सी रेझिन घ्यावे लागते. आपल्या किटमध्ये फॉइल टेप नाही, इपॉक्सी नाही आणि पत्रकात त्याचा उल्लेखही नाही. डॅशच्या मूळ प्लास्टिकला रेझिन लागू नये म्हणून मास्किंग टेप आणि वॅक्स लागते, तेही नाही. एबीएस प्लास्टिकवर स्टायरीन गेले तर पृष्ठभाग कायमचा खराब होतो. ‘घरच्या घरी’ करणाऱ्या माणसाने स्वतःचा डॅशबोर्ड असाच गमवायचा का?

हे एक वेळ नुकसानीपुरते राहिले असते. पुढची गोष्ट जिवाशी खेळ आहे.

किटमध्ये एकाच मापाच्या, एकसारख्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. एकीवर पेनने ‘१’ आणि दुसरीवर ‘२’ एवढेच. आत काय आहे, कुणी बनवले, कधी बनवले, काहीही छापलेले नाही. पत्रक सांगते : ‘१ आणि २ समप्रमाणात एकत्र करून नंतर रेझिनमध्ये मिसळावे.’ एका बाटलीतला द्रव जांभळट निळा होता, दुसरीतला पाण्यासारखा स्वच्छ. आमच्या भागात कूलरच्या फायबर बॉडी बनवणारे एक कारागीर आहेत, त्यांना सगळे भाऊच म्हणतात. हयात रेझिनमध्ये गेली आहे. त्यांना पत्रक वाचून दाखवले तर त्यांनी दोन्ही बाटल्या उचलून दुकानाच्या दोन टोकांना नेऊन ठेवल्या आणि म्हणाले, ‘‘हे दोन्ही थेट मिसळवाल तं भडका उडन. कोन लिवलं हे?’’

निळा द्रव म्हणजे कोबाल्ट, रेझिनला वेग देणारा. स्वच्छ द्रव म्हणजे एमईकेपी, हार्डनर, हे ऑरगॅनिक पेरॉक्साइड आहे. हे दोन्ही एकमेकांत थेट ओतले तर एमईकेपीचे झपाट्याने विघटन होते, प्रचंड उष्णता निघते, आग लागू शकते. म्हणून कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटून घ्यायचा आणि त्यानंतरच हार्डनर घालायचा, हा या धंद्यातला पहिला धडा आहे. कूलरच्या कारखान्यात नव्याने लागलेल्या पोरालाही तो पहिल्याच दिवशी मिळतो. आपल्या छापील पत्रकात बरोबर त्याच्या उलट लिहिले आहे. शिवाय एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टीला कायमची इजा होऊ शकते. किटमध्ये चष्मा नाही, हातमोजे नाहीत, इशाऱ्याची एक ओळ नाही. हा माल कुरियरने घराघरांत जातो आणि घरात लहान मुले असतात, एवढा तरी विचार व्हायला हवा होता.

किटमधल्या एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) रिंगांचे आतले माप बरोबर ५२ मिलिमीटर आहे. बाजारात ज्याला सगळे ‘बावन्न एमएम’ म्हणतात तो गेज अनेकदा दोन पूर्णांक एक सोळांश इंचाचा असतो, म्हणजे जवळपास ५२.४ मिलिमीटर. वर रेझिन, पुट्टी आणि प्रायमरचे थर चढले की भोक आणखी लहान होते. रिंगा घासून मोठ्या केल्या. ते सोडून देतो.

पत्रकावरचे चित्र मात्र सोडता येत नाही. त्यात विंडस्क्रीनच्या बाजूच्या खांबावर गेजचे माउंट बसवलेले दाखवले आहे आणि त्याच खांबाच्या आवरणावर ‘एअरबॅग’ ही अक्षरे स्पष्ट दिसतात. त्या आवरणाच्या आत पडद्यासारखी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. तिच्या वाटेत कडक फायबर आणि धातूचा गेज बसवला तर अपघातात एअरबॅग नीट उघडणार नाही, किंवा तेच तुकडे चालकाच्या तोंडावर येतील. माझ्या जुन्या जीपला एअरबॅग नाही. ज्यांच्या गाडीला आहे ते हेच चित्र बघून काम करतील.

एवढे झाल्यावर मी आपल्या ग्राहक क्रमांकावर फोन केला. ‘पत्रक जुने आहे, त्याकडे लक्ष देऊ नका, रेझिन उत्तम आहे आणि गाडीच्या आत चालते’ असे उत्तर मिळाले. त्या शब्दावर काम पुढे नेले, पण थर्मोकोल आणि पत्रक दोन्ही बाजूला ठेवून. काम भाऊंच्या देखरेखीखाली झाले. डॅशवर मास्किंग टेप, त्यावर फॉइल, त्यावर वॅक्स. त्यावर मॅटचे (काचतंतूंच्या चटईचे) दोन थर देऊन तळ काढला. रिंगा काठ्यांवर उभ्या करून त्यांचा कोन चालकाच्या जागेवर बसून ठरवला, त्यावर फ्लीसचे कापड ताणून स्टेपल केले आणि ते रेझिनने भिजवले. कापड कडक झाल्यावर आतून ४५० ग्रॅमची मॅट. मग पुट्टी, ८० नंबरच्या कागदापासून ४०० पर्यंत घासकाम, आणि शेवटी काळे व्हायनिल. रेझिन आणि हार्डनर दर वेळी डिजिटल काट्यावर वजन करून घेतले होते. माउंट गाडीत बसले तेव्हा भाऊंनीही मान डोलावली, आणि ते सहसा डोलावत नाहीत.

मग नागपूरचा मे महिना आला. गाडी उन्हात उभी राहू लागली तसा मधला गेज खाली झुकू लागला. काही दिवसांत तिन्ही गेज वाहनचालकाऐवजी गिअरच्या दांड्याकडे बघू लागले. तळाशी पुट्टी तडकली, व्हायनिल सुटले आणि काचा उघडल्या तरी गाडीत स्टायरीनचा वास येत राहिला.

बंद गाडीत डॅशबोर्ड किती तापतो हे गुपित नाही. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापात, कडक उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांच्या डॅशबोर्डचे सरासरी तापमान ६९ अंश सेल्सिअसच्या आसपास निघाले होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, त्यामुळे इथे ते कमी निघेल असे मानायला जागा नाही. साधे, सर्वसाधारण कामाचे पॉलिएस्टर रेझिन साधारण ६० ते ७० अंशांवर मऊ पडू लागते. ते कूलरच्या बॉडीला चालते, कारण तिच्यातून पाणी वाहत असते. डॅशवर वजन टांगायचे तर निदान जास्त उष्णता सोसणारे आयसोफ्थॅलिक रेझिन हवे आणि घडल्यानंतर ते नियंत्रित उष्णतेत पुन्हा पक्के करून घ्यायला हवे. उरलेले स्टायरीनही त्यातच निघून जाते. याबद्दल आपल्या पत्रकात एक शब्द नाही.

आता आपल्या उत्तराकडे येतो. ‘प्रमाण चुकले.’ कुठले प्रमाण? आपल्या पत्रकात प्रमाण ‘एक किलोला दोन झाकणे’ असे दिले आहे. झाकण कशाचे, भरलेले की अर्धे, उन्हाळ्यात तेवढेच की हिवाळ्यात तेवढेच, काही नाही. झाकणाने मोजायला सांगणारी कंपनी वजनकाट्यावर मोजणाऱ्या ग्राहकाला प्रमाण चुकल्याचे सांगते, यावर काय बोलावे!

तरीही शंका राहू नये म्हणून भाऊंच्या दुकानात एक साधी चाचणी केली. आपल्या उरलेल्या रेझिनची एक पट्टी आणि भाऊंकडच्या आयसोफ्थॅलिक रेझिनची एक पट्टी, दोन्हींत तीच मॅट, तेवढेच थर, हार्डनर वजनाने तितकाच. दोन्ही पूर्ण कडक झाल्या. ॲसिटोनचा बोळा फिरवला तरी एकही चिकट झाली नाही. म्हणजे हार्डनर कमी पडलेला नव्हता. मग दोन्ही पट्ट्या टोकांवर टेकवून, मध्ये सारखे वजन अडकवून, ७५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवल्या. आपली पट्टी वाकली. दुसरी सरळ राहिली. छायाचित्रे सोबत आहेत.

कायद्याचेही सांगून ठेवतो. वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन आणि उत्पादनाचा महिना-वर्ष पाकिटावर असायला हवे. आपल्या बाटल्यांवर यातले काहीच नाही. पॉलिएस्टर रेझिन काही महिन्यांतच जुने होत जाते, त्यामुळे तारीख नसणे ही इथे किरकोळ बाब नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये योग्य वापराच्या पुरेशा सूचना आणि धोक्याचा इशारा न देणे हे उत्पादन दायित्वात येते. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण करायचे असते. आपल्या संकेतस्थळावर त्या अधिकाऱ्याचे नाव मला सापडले नाही.

मला किटची पूर्ण किंमत परत हवी आहे. डाकखर्च, व्हायनिल आणि पुट्टीचा खर्चही त्यात धरावा. बिले जोडली आहेत. पण पैशांपेक्षा आधी ते पत्रक थांबवा. आजवर ज्यांना ज्यांना हे किट पाठवले त्या प्रत्येकाला ‘दोन बाटल्या थेट मिसळू नका’ असा संदेश आजच्या आज पाठवा. त्यांचे फोन नंबर आपल्याकडे आहेतच, कारण सवलतीचे संदेश मला रोज येतात. बाटल्यांवर पदार्थाचे नाव, धोक्याची चिन्हे आणि तारीख छापा, सूचना मराठीतही द्या, आणि खांबावरच्या माउंटचे ते चित्र काढून टाका. हे रेझिन विकायचेच असेल तर ‘डॅशबोर्डसाठी’ हा शब्द काढून विका.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, आणि एवढ्या रकमेला तिथे शुल्कही लागत नाही. वाकलेले माउंट, उरलेले रेझिन आणि आपल्या दोन्ही बाटल्या मी जपून ठेवल्या आहेत. आपला तंत्रज्ञ येऊन पाहू शकतो. मात्र येण्याआधी त्याने आपलेच पत्रक एकदा वाचून यावे.

कळावे,

आपला ग्राहक,
नागपूर
(नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर आहेत.)

सोबत : बिलाची प्रत, माहितीपत्रकाची प्रत, बाटल्यांची, माउंटची आणि पट्ट्यांच्या चाचणीची छायाचित्रे, आपल्या प्रतिनिधीचा ई-मेल.