गरिबांचे प्लॉट त्याच कॉलनीत राहू द्या

मा. नगरीय विकास व आवास मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

सादर नमस्कार.

इंदूरच्या लोकमान्य नगरातून हे पत्र लिहितोय. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी परवा पिशवीतून कागद काढून दाखवले. शहराबाहेरच्या प्लॉटची स्टँपपेपरवरची नोटरी आणि कॉलनी कापणाऱ्याने, म्हणजे शेताचे प्लॉट पाडून विकणाऱ्याने, हप्ते टिपून दिलेली डायरी. रजिस्ट्री नाही, डायव्हर्शन (शेतजमीन बिगरशेती करणं) नाही. म्हणजे नकाशा मंजूर होणार नाही, बँक दारात उभी करणार नाही. स्वतःच्या जागेवर घर बांधायला पंतप्रधान आवास योजनेतून अडीच लाखांपर्यंत मदत मिळते, पण जागा नावावर नको का? “काका, रजिस्ट्रीचा प्लॉट मला देणार कोण?” त्या म्हणाल्या.

खरं तर आपलेच नियम देतात. नवी कॉलनी कापताना दुर्बल घटकांसाठी जागा ठेवायची असते. पण सोबत आश्रय शुल्काची पळवाटही आहे: जागेऐवजी रक्कम भरा, मोकळे व्हा. मग धंदा करणारा मोकळा होणारच! त्या कॉलनीत झाडू-पोछा, पोळ्या, पहारा यांना माणसं मात्र लागतात. ती नाल्याकाठून येतात, नाहीतर दोन टेम्पो बदलून. त्यांच्यासाठी सरकार लांब कुठेतरी मल्टी, म्हणजे बहुमजली इमारती, बांधतं. तिथे चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याने पोह्याची गाडी रात्री कुठे लावायची?

याच शहरात, आपल्याच विकास प्राधिकरणाने हे वेगळं करून दाखवलंय. १९८०च्या दशकात वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशींनी आखलेली अरण्य वसाहत: सुमारे ८५ हेक्टर, साडेसहा हजार प्लॉट, त्यांतले ६५ टक्के दुर्बल घटकांसाठी. त्यांचा प्लॉट जेमतेम ३५ चौरस मीटरचा; त्यावर जोतं आणि संडास-न्हाणी तयार. खोल्या ज्याने त्याने हातात पैसा येईल तशा चढवायच्या. मोठे प्लॉट चढ्या भावाने विकून लहानांचा भार उचलला. १९९५ साली वास्तुकलेचा आगाखान पुरस्कारही मिळाला. पुढे काहींनी आपले प्लॉट विकले, हे मान्य. पण खाली दुकान, मध्ये बिऱ्हाड, वर भाडेकरू अशी घरं तिथे उभी राहिली, आणि भाड्याची स्वस्त खोली हीसुद्धा या शहराची गरजच आहे. मल्टीतल्या फ्लॅटवर मजला चढवता येत नाही.

२०१४मध्ये २९ गावं महापालिकेत आली. त्यापुढेही शेतं कापली जाताहेत. ती संपण्याआधी शुल्काची सवलत बंद करा. दुर्बल घटकांचे प्लॉट त्याच कॉलनीत, जोत्यासह, रजिस्ट्री करून द्या. बिल्डर कुरकुरतील. कुरकुरू द्या.

नियम बदलायला वेळ लागेल, समजतं. तोवर एवढं तरी जाहीर करा: इंदुरात कॉलनी कापणाऱ्या किती जणांनी प्लॉट दिले, किती जणांनी शुल्क भरलं, आणि त्या पैशातून कोणत्या वॉर्डात काय बांधलं.

कळावे,
आपला,
एक इंदूरकर मतदार