जो फ्रेझरची ओळख अलीपुरती नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महंमद अली आणि जो फ्रेझर या अमेरिकन हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची तिसरी लढत १ ऑक्टोबर १९७५ रोजी फिलिपिन्समध्ये, मनिलाला लागून असलेल्या क्वेझॉन सिटीत झाली. तिला पन्नास वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने आपल्या क्रीडा पुरवणीत आलेला लेख मी वाचला. अलीबद्दल त्यात जे लिहिले आहे त्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र अलीने फ्रेझरला जमिनीवर पाडून ही लढत जिंकली, असे जे विधान त्यात आहे ते चुकीचे आहे. त्या लढतीत दोघांपैकी एकही खाली पडला नाही. चौदा फेऱ्या संपल्यावर फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला पंधराव्या फेरीसाठी उठू दिले नाही आणि लढत तिथे थांबली. ही चूक तपशिलाची असली तरी तिचे मूळ एका जुन्या सवयीत आहे. फ्रेझरबद्दल आपल्याकडे जे काही लिहिले जाते ते अलीच्या चरित्रातून उचललेले असते आणि अलीने त्याच्यासाठी वापरलेली विशेषणेही न तपासता सोबत येतात. जिल्हा आणि विद्यापीठ पातळीवरच्या स्पर्धांत काही वर्षे पंच म्हणून काम केलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे खटकते, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

फ्रेझरचा जन्म १२ जानेवारी १९४४ रोजी दक्षिण कॅरोलायनातल्या ब्यूफर्ट परिसरात झाला. रुबिन आणि डॉली फ्रेझर यांचे ते बारावे अपत्य. घरची जमीन जेमतेम दहा एकर. वडिलांना एक हात गमवावा लागला होता, त्यामुळे शेतातल्या कामांत या मुलानेच त्यांचा डावा हात व्हावे असे घरात ठरून गेले होते. लहानपणीच त्याने गोणपाटाच्या पोत्यात चिंध्या, मक्याची कणसे आणि मधोमध एक वीट भरून ते ओकच्या झाडाला टांगले आणि रोज त्यावर ठोसे मारण्याचा नेम धरला. एकदा डुकराने पाठलाग केला असता तो पडला आणि त्याच्या डाव्या हाताला दुखापत झाली. डॉक्टरांकडे नेण्याइतका पैसा घरात नव्हता, त्यामुळे तो हात आपोआप भरून आला, पण पुढे कधी पूर्ण सरळ झाला नाही. कोपरात किंचित वाकलेला हाच हात पुढे हेवीवेट गटातल्या सर्वांत धाक बसवणाऱ्या लेफ्ट हुकसाठी, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या डाव्या ठोशासाठी, ओळखला गेला.

वयाच्या पंधराव्या वर्षी तो बसने न्यूयॉर्कला गेला आणि तिथून फिलाडेल्फियात येऊन एका कत्तलखान्यात कामाला लागला. पोलिसांच्या क्रीडामंडळाच्या जिममध्ये तो गेला तो वजन कमी करायला. तिथे प्रशिक्षक यांक डरहॅम यांनी त्याला हेरले. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकच्या निवड चाचणीत त्याला बस्टर मॅथिसने हरवले होते. मॅथिसचा हात दुखावल्यामुळे ऐनवेळी फ्रेझरला पाठवण्यात आले. उपांत्य लढतीत त्याच्या डाव्या हाताचा अंगठा मोडला. हे कळले तर आपल्याला अंतिम लढत खेळू देणार नाहीत, म्हणून त्याने ते कोणाला सांगितले नाही आणि जर्मनीच्या हान्स हुबरविरुद्धची अंतिम लढत बहुतांशी उजव्या हातावर काढली. पाचपैकी तीन पंचांनी त्याच्या बाजूने कौल दिला. त्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेला मुष्टियुद्धात मिळालेले सुवर्णपदक हे एवढे एकच होते.

व्यावसायिक मुष्टियुद्धात तो १९६५ मध्ये उतरला. सहा फुटांच्या आत उंची आणि हात आखूड, त्यामुळे दुरून जॅब, म्हणजे सरळ झटपट ठोसे, मारून गुण मिळवण्याचा मार्ग त्याला बंद होता. डरहॅम आणि पुढे फच यांनी त्याला डोके आणि खांदे सतत हलते ठेवून, ठोशांखालून वाकत वाकत प्रतिस्पर्ध्याच्या छातीपर्यंत शिरायला शिकवले. बरगड्यांवर मारून समोरच्याचे हात खाली आणायचे आणि मग हुक. ही शैली बाहेरून रासवट दिसते आणि बहुतेक लेखांत तिचे वर्णन नुसत्या ताकदीच्या भाषेत होते. ज्याने रिंगजवळ बसून गुण दिले आहेत तो सांगेल की हे काम फार अवघड आहे, कारण प्रत्येक पाऊल प्रतिस्पर्ध्याच्या माऱ्याच्या टप्प्यात टाकावे लागते आणि तीन मिनिटांच्या फेरीत एक क्षणही थांबून चालत नाही.

व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास अलीने एप्रिल १९६७ मध्ये नकार दिला, त्यामुळे त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले आणि लढण्याचा परवानाही गेला. रिकाम्या झालेल्या त्या जागेसाठी आठ जणांची स्पर्धा भरवण्यात आली, तेव्हा फ्रेझरने तीत भाग घेतला नाही. त्यामागे डरहॅम यांचा व्यावहारिक हिशेबही होता, हे मान्य केले पाहिजे. मात्र त्या काळात त्याने अलीला पैशांची मदत केली आणि अलीला परवाना परत मिळावा यासाठी शब्द टाकला, हेही तितकेच खरे आहे. फेब्रुवारी १९७० मध्ये त्या स्पर्धेत जिंकलेल्या जिमी एलिसला हरवून तो निर्विवाद विजेता झाला. तरीही अलीशी लढल्याखेरीज आपल्याला खरा विजेता कोणी मानणार नाही, हे तो जाणून होता.

ती लढत ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाली. अलीने आधीच्या ३१ आणि फ्रेझरने २६ लढती जिंकलेल्या, दोघेही अपराजित, आणि दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळणार होते. पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या लेफ्ट हुकने अली पाठीवर पडला. तो लगेच उठला हे त्याच्या कणखरपणाचे लक्षण, पण रेफ्री आणि दोन्ही पंच अशा तिघांच्याही गुणपत्रिकांवर फ्रेझरच पुढे होता. अलीच्या व्यावसायिक कारकिर्दीतला हा पहिला पराभव. पुढच्याच महिन्यात फ्रेझरला दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळापुढे भाषणासाठी बोलावण्यात आले. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेचा काळ संपल्यापासून तिथे कोणी कृष्णवर्णीय माणूस बोलला नव्हता. जिथे त्याने दुसऱ्यांच्या शेतांत राबून दिवस काढले, त्याच राज्याच्या विधिमंडळात तो उभा राहिला. ही घटना आपल्याकडच्या कोणत्याही लेखात माझ्या वाचनात आलेली नाही.

याच माणसाला अलीने गोऱ्यांचा हुजऱ्या म्हटले. कुरूप म्हटले, अडाणी म्हटले आणि मनिलाच्या आधी पत्रकारांसमोर रबरी गोरिला काढून त्याला बुक्के मारून दाखवले. तिकिटे खपवण्यासाठी असे बोलावे लागते, असे समर्थन नेहमी केले जाते. मला ते पटत नाही. अली लुईव्हिलमधल्या तुलनेने स्थिरावलेल्या घरातला होता आणि त्याच्या पहिल्या प्रायोजकांत गोरे धनिकच होते. वर्णभेदाची झळ शेतमजुराच्या पोराइतकी कोणाला बसली असेल? फ्रेझरकडे अलीसारखी वाणी नव्हती, म्हणून पत्रकार परिषदेत तो गप्प बसला आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ जगाने अलीच्या सोयीने लावला. त्याच्या मुलांना शाळेत हेच शब्द ऐकावे लागले. अलीने युद्धाविरुद्ध घेतलेली भूमिका धैर्याची होती आणि मला तिच्याबद्दल पूर्ण आदर आहे. परंतु एका बाबतीतले धैर्य दुसऱ्या बाबतीतला अन्याय धुऊन काढत नाही.

१९७३ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले आणि विजेतेपद गेले. जानेवारी १९७४ मधली अलीविरुद्धची दुसरी लढत तो गुणांवर हरला.

मनिलाची तिसरी लढत अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी सकाळी ठेवलेली होती आणि सभागृहात असह्य उकाडा होता. पहिल्या फेऱ्या अलीच्या. मधल्या फेऱ्यांत फ्रेझरने आत शिरून त्याच्या बरगड्या आणि कंबर अशी ठोकली की अली मागे दोरांवर रेलू लागला. बाराव्या फेरीपासून पारडे फिरले. तेराव्या फेरीत एका ठोशाने फ्रेझरच्या तोंडातला दंतरक्षक प्रेक्षकांत उडाला. त्याचा उजवा डोळा सुजून बंद होत आला होता. डाव्या डोळ्याने आपल्याला आधीपासूनच जवळजवळ दिसत नव्हते आणि वैद्यकीय तपासणीत युक्त्या करून आपण ते लपवत आलो, हे त्याने पुढे आत्मचरित्रात सांगितले. म्हणजे चौदाव्या फेरीत तो अलीचे उजवे ठोसे येताना न पाहता खात होता. तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर अली पुढे होता, त्यामुळे निकाल अन्यायाचा होता असे कोणी म्हणू नये. फच यांनी रिंगमध्ये मुष्टियोद्ध्यांचा जीव जाताना पाहिलेला होता. फ्रेझर विरोध करत असतानाही त्यांनी त्याला बसवून ठेवले. पंचाचे काम केलेला माणूस म्हणून मला त्या संध्याकाळच्या, खरे तर त्या सकाळच्या, सगळ्या निर्णयांत हा सर्वांत मोठा वाटतो. आपल्या लेखात फच यांचे नावही नाही. मृत्यूच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो, अशा अर्थाचे उद्गार जिंकलेल्या अलीने त्यानंतर काढले, यावरून ती लढत एकतर्फी नव्हती हे स्पष्ट व्हावे.

१९७६ मध्ये फोरमनकडून पुन्हा हरल्यावर फ्रेझर निवृत्त झाला. १९८१ मध्ये तो एकदा परत आला आणि ती लढत बरोबरीत सुटली. एकूण ३७ लढतींत ३२ विजय, त्यांपैकी २७ नॉकआउट, चार पराभव आणि एक बरोबरी. चारही पराभव अली आणि फोरमन या दोघांकडूनच. पुढे त्याने फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर आपल्या जिममध्ये वस्तीतल्या मुलांना शिकवण्यात वर्षे घालवली. तो राहायचाही त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. पैशांची ओढाताण होत गेली आणि २००८ मध्ये ती जिम बंद पडली. नंतर तिथे फर्निचरचे दुकान आले. त्याच शहरात एका चित्रपटातल्या काल्पनिक मुष्टियोद्ध्याचा पुतळा कितीतरी वर्षे दिमाखात उभा होता, तर फ्रेझरचा पुतळा उभारला गेला तो २०१५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी.

त्याचे सगळेच वागणे मला समर्थनीय वाटत नाही. १९९६ मध्ये कंपवाताने थरथरणाऱ्या अलीने अटलांटाची ऑलिम्पिक ज्योत पेटवली, तेव्हा फ्रेझर त्याच्याबद्दल जे बोलला ते क्रूर होते. पण वीस वर्षे मनात साठलेले ते कोठून आले हे सांगितल्याशिवाय नुसता तो कडवटपणा छापणे मला गैर वाटते. २००१ मध्ये अलीने आपण बोललो ते चुकले, असे एका वर्तमानपत्राला सांगितले. 'ती माफी वर्तमानपत्राकडे मागितली, माझ्याकडे नाही', ही फ्रेझरची खंत राहिली. ७ नोव्हेंबर २०११ रोजी यकृताच्या कर्करोगाने तो गेला. त्याच्या अंत्यविधीला स्वतः आजारी असलेला अली हजर होता आणि तिथे उभे राहून त्याने टाळ्या वाजवल्या. पत्रकारांनी फ्रेझरबद्दलचे जे शब्द अलीचे म्हणून वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा छापले, ते शेवटी खुद्द अलीनेही सोडून दिले होते, एवढे तरी आपण लक्षात घ्यावे.

आपल्याकडे मुष्टियुद्ध शिकणाऱ्या मुलांपैकी अनेकांची घरची परिस्थिती अलीपेक्षा फ्रेझरच्या जवळची आहे. उंची कमी, बोलणे मोजके, हातात दुसरे काम असलेली ही मुले आपली क्रीडा पुरवणी वाचतात. त्यांच्यासाठी फ्रेझरवर एक स्वतंत्र लेख छापावा, त्यात त्याची शैली, टोकियो आणि फच यांचा निर्णय यांना जागा मिळावी, अशी माझी विनंती आहे. मनिलाच्या लढतीत फ्रेझर खाली पडला नव्हता, एवढी दुरुस्ती मात्र त्या लेखाची वाट न पाहता पुढच्याच अंकात प्रसिद्ध करावी.

आपला,
एक नियमित वाचक
सातारा