पॉलिशचे काम होईपर्यंत

तीर्थरूप आई-बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून बाबा रागावतील, तरी निर्णय आधीच सांगते. तुळयांचे पॉलिश आणि खिडक्यांच्या ग्रिलचे वेल्डिंग पूर्ण होईपर्यंत तुम्ही दोघांनी पुण्याला माझ्याकडे राहायचे, असे मी ठरवले आहे आणि मिस्त्रींना तसे कळवलेही आहे. तुम्हाला न विचारता कळवले ही माझी चूकच, पण विचारले असते तर "आमचे इथे काय अडले आहे?" एवढेच उत्तर आले असते.

रविवारी मी काही बोलले नाही, कारण नवे न्हाणीघर दाखवताना आई फार आनंदात होती. पण माजघरात पाहिलेले काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही. देव्हाऱ्यात समई तेवत होती आणि तिच्यापासून जेमतेम तीन हातांवर थिनरचा डबा, झाकणाऐवजी तोंडात चिंधीचा बोळा घातलेला. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते, डोळ्यांना दिसत नाही, आणि ज्योतीपर्यंत पोचली की भडका त्याच वाटेने डब्याकडे येतो. शेजारी कटर मशीनच्या वायरीची उघडी टोके सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्यांनी दाबून बसवलेली, खाली भुशाचा ढीग, आणि मागचे दार लाद्यांच्या खोक्यांनी अडलेले. मोठ्या आत्याकडची ती रात्र आपण विसरलेलो नाही ना?

बाबा, २०१९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसचे नोत्र दाम जळाले, तेव्हा तुम्हीच फोन करून हळहळला होतात. तिथेही दुरुस्तीच चालू होती आणि शेकडो वर्षांचे लाकडी छत एका संध्याकाळी गेले. आपल्या तुळयाही जुन्या लाकडाच्याच, सागाच्या, आहेत. वेल्डिंगची ठिणगी भुशात पडली तर तासन्‌तास आत धुमसत राहते आणि कामगार घरी गेल्यावर पेट घेते. तुळयांना लावायच्या जवसाच्या तेलाचे तर आणखी विचित्र आहे: ते सुकताना तापते, आणि त्याने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर काडी न लावताही आपोआप पेटतात. अशा घरात तुम्ही दोघे रात्री माडीवर झोपलेले असाल, या विचाराने मला इथे झोप लागत नाही. कामाचा हट्ट माझाच होता, म्हणून जास्तच.

लहानपणी स्टोव्ह पेटवताना आई मला उंबऱ्याबाहेर बसवायची आणि बाबा रोज निजण्यापूर्वी गॅसचा कॉक तपासायचे. तो "टक्" आवाज ऐकला की मी निर्धास्त झोपायचे. तसे निर्धास्त आता तुम्ही असावे, एवढेच मला हवे आहे.

इथे पूर्वेची खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे. संडास खोलीला लागूनच आहे, बाबांच्या गुडघ्याला एकही पायरी नाही. सकाळी सहाला चहा आणि वर्तमानपत्र मिळेल. आई, देवांसाठी पाट मांडून ठेवला आहे. देव सोबत आण, म्हणजे पूजा चुकणार नाही.

शनिवारी नऊला मी गाडी घेऊन येते. तोपर्यंत मात्र मी सांगते तेच करायचे. थिनर आणि तेलाचे डबे झाकण लावून अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवायला लावा. माजघरात समई-निरांजन लावू नका. देव रागावणार नाहीत, आई. तेलाच्या चिंध्या पाणी भरलेल्या डब्यात टाकायला सांगा. संध्याकाळी मजूर गेले की भुसा बाहेर काढलेला आहे ना ते पाहा आणि खालचा मेन स्विच बंद करा. मागचे दार आजच मोकळे करून घ्या, खोकी बाबांनी स्वतः उचलायची नाहीत. मी पाठवलेले आग विझवायचे लाल सिलिंडर जिन्यापाशी ठेवा, काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना एवढे बघा. तरीही काही पेटलेच, तर विझवत बसू नका; आधी दोघे बाहेर पडा आणि मग १०१ लावा.

बाबा, मिस्त्रींना हे सांगणे तुम्हाला अवघड वाटत असेल तर माझे नाव सांगा. राग माझ्यावर येऊ दे.

तुमची,
मनू